खो दिला की बसायचं

निलम उठते तेव्हा डोळ्यांआधी तिचे पाय जागे होतात. गोधडीखाली आधी पावलं हलतात, मग गुडघे, आणि मग कुठे ती कण्हत कूस बदलते. त्या सकाळी पावलं हलली आणि पुन्हा निपचित झाली. मी चुलीपुढे नागलीची भाकरी थापत तिच्याकडे बघत होते. उजव्या गुडघ्याची खपली निघालेली, ती खो-खोची, खांबापाशी झेप घेताना सोलवटलेली. डावा घोटा सुजलेला, तो कबड्डीचा. पकडीत कुणीतरी ओढला होता. मी पाड्यातल्या अंगणवाडीत सेविका आहे. दुसऱ्यांच्या पोरांच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावून लाल, पिवळं, हिरवं बघणं हेच माझं काम. माझ्या पोरीचा दंड बारीक झालाय हे बघायला मला पट्टी लागत नव्हती.

"आज कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही," ती गोधडीतूनच म्हणाली.

पावसाळाभर सगळं नीट बसलं होतं. सकाळी शाळा भरायच्या आधी सावेबाई खो-खो घ्यायच्या, शाळा सुटल्यावर दीपेश सर कबड्डी. निलम पहिल्या जीपनं तलासरीला जायची नि शेवटच्या जीपनं परत यायची. दसरा झाला आणि दिवस आखडले. एकदा शेवटची जीप चुकली आणि कबड्डीच्या पोरी अंधारातून चालत पाड्यावर आल्या, तेव्हा घरोघरी बोंब झाली. दीपेश सरांनी मग कबड्डी सकाळी आणली. मैदान एकच. अर्ध्यावर खो-खोची फक्की, अर्ध्यावर कबड्डीची. निलम एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे जायला लागली, आणि दोन्हीकडे तिच्या नावानं खडे फुटायला लागले. सावेबाई म्हणायच्या, साखळीतली एक कडी रोज बदलली तर डाव कसा बसायचा? दीपेश सर म्हणायचे, चढाईला माझ्याकडे दुसरं आहे कोण? ते दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. जे बोलायचं ते निलमला बोलायचे.

सासूबाईंना हे काही पटत नव्हतं. बायजी त्यांचं नाव. अंगानं काटकी, जिभेनं त्याहून काटक. त्या म्हणाल्या, "एका बैलाला दोन शेतांवर जुंपलं की तो मधल्या बांधावर बसतो."

मला हसू आलं नाही. मला ती बसलेली दिसत होती.

त्या आठवड्यात आमची सेविकांची बैठक तलासरीला होती. मी मुद्दाम निलमबरोबर पहिल्या जीपनं गेले नि मैदानाच्या कडेला, शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिले. तिला सांगितलं नव्हतं की मी थांबणार आहे.

खो-खो चालू होता. निलम मारायला उठली. पुढची पोर पळता पळता तिच्या बगलेखालून मागे सटकली, आणि निलम गर्रकन वळली. शिट्टी. सावेबाई बोर्डीकडच्या, स्कूटरवरून येणाऱ्या, साडीवर खेळाचा कोट चढवलेल्या. त्या शांतपणे जवळ आल्या, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटली. त्यांनी निलमला खांद्याला धरून पुन्हा पुढे तोंड करून उभं केलं.

"एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच. मागची सुटली तर सुटू दे. खो दे, दुसरी उठेल. तू वळायचं नाहीस."

मग त्यांनी तिला थोडा वेळ बाजूला काढलं. तेवढ्यात पलीकडून दीपेश सरांनी हाक मारली. हे सर वयानं माझ्याहून लहान, आमच्याच बाजूचे, उधव्याकडचे. बिनपगारी शिकवतात नि पोरींना स्वतःच्या खिशातून गूळ-शेंगदाणे आणतात. निलम धावत गेली. कबड्डी, कबड्डी म्हणत आत शिरली, कोपऱ्यातल्या पोरीला सुंदर टिपलं, आणि मागे फिरायच्या ऐवजी तशीच सरळ पुढे धावत शेवटच्या रेषेबाहेर गेली. पोरींनी कपाळावर हात मारले.

"अगं परत कोण येणार?" दीपेश सर म्हणाले. "तुझी आयस?"

सगळ्या हसल्या. हसता हसता एकीला मी दिसले, तिनं दुसरीला खुणावलं, आणि सगळ्यांच्या माना शेवग्याकडे वळल्या. निलमनंही बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं ते रडू नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच रेषेबाहेर गेलेय.

बैठकीहून परतताना मी शाळेत गेले. सावेबाई शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी मला चिकू कापून दिला नि मला ठाऊक नसलेलं सांगितलं. किनाऱ्याच्या बाजूला खेळाडू मुलींचं एक वसतिगृह आहे, शाळा तिथेच, दोन वेळचं जेवण तिथेच. तिथल्या बाई यंदा तालुक्याच्या सामन्यांना खो-खो बघायला येणार होत्या. निलमला त्या उचलतील असं सावेबाईंना वाटत होतं, पण अर्धी निलम कुणी उचलत नाही.

मी नरपडला मावशीकडे राहून डहाणूत बी.ए. केलं. सकाळी वाडीत चिकू निवडायचे, मग कॉलेज. लग्न होऊन इथे डोंगरात आले. मला इथलं काही वाईट नाही. पण वसतिगृह म्हटल्यावर मी हातातला चिकू खाली ठेवला.

"खो-खोच खेळेल ती," मी म्हणाले. "कबड्डीतून नाव काढा."

"तिला विचारलंत?"

"ऐकते ती माझं."

सावेबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्याच दिवशी बातमी पाड्यावर घरोघरी पोचलेली होती. दीपेश सरांनी सांगून टाकलं की चढाईवाली नसेल तर कबड्डीचा संघ तालुक्याला न्यायचाच नाही, उगाच पोरींना हरवून कशाला आणा. संघातल्या बहुतेक पोरी आमच्या पाड्यातल्या. त्यात शेजारच्या ठकीबायची गंगी. गंगी राखीव होती, कडेला बसून असायची. तरी तिला पाठीवर आकडा असलेला सदरा मिळाला होता. तो ठकीबायनं धुऊन कुडाच्या बाहेर, रस्त्यावरून दिसेल असा वाळत घातला होता. त्या दिवशी तो काढलेला दिसला.

आमच्याकडे कापणीला मजूर कुणी लावत नाही. घरटी हात जातात, आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. हात घेतला की हात द्यायचा. पाड्यातल्याच लडक्याचं शेत कापून झालं होतं, आता आमची पाळी, मग ठकीबायची. त्या साली पाऊस जाता जात नव्हता. सकाळी ऊन, दुपारनंतर डहाणूच्या अंगानं आभाळ काळवंडून यायचं. भात पिकून मान टाकत होतं नि लोंब्यांची टोकं चिखलाला टेकायला लागली होती.

आमच्या पाळीच्या सकाळी सासूबाईंनी मोठ्या टोपात पेज चढवली, सगळ्यांना पुरेल एवढी. आम्ही शेतावर जाऊन उभे राहिलो. सासरे, सासूबाई, मी आणि निलम. माझा नवरा मनिष उंबरगावला कंपनीत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. ऊन बांधावर चढलं. कुणी आलं नाही. मग ठकीबाय आली, कमरेला विळा, डोक्यावर रिकामी पाटी. ती आमच्या बांधावरून चालत पुढे निघाली.

"ठकी," सासूबाईंनी हाक दिली. "पाळी आमची हाय."

ठकीबाय थांबली. बोलली मात्र माझ्याशी. "मास्तरीण, तुझ्या पोरीनं संघ सोडला, माझ्या पोरीनं सदरा सोडला. आता मी पाळी सोडली. बी.ए.वालीला हिशेब कळत असंल."

आणि ती माहेरच्या शेताकडे निघून गेली. बाकीच्या घरांतल्याही पोरी त्याच संघातल्या होत्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणाला ताप आला, कुणाची शेळी व्यायला झाली. सासरे उकिडवे बसले आणि त्यांनी पहिली मूठ धरली.

चौघांची रांग. ओल्या धांड्यांना विळा लागताना तो कोरडा करकर आवाज येत नाही, नुसता मऊ, चिकट आवाज येतो. पाती बोटांना कापतात नि त्यात चिखल जातो. कंबर दुखायला लागली की मी जरा उठायची, सासूबाई उठायच्या नाहीत, म्हणून मी पुन्हा बसायची. निलम माझ्या शेजारच्या पातीत होती. ती फार वेगानं कापत होती. मी म्हणाले, हळू, हात जाईल. ती थांबली नाही.

"सावेबाईंना तूच सांगितलंस?" तिनं खाली बघत विचारलं.

"हो."

"मला का नाय विचारलं?"

मी म्हणाले, वसतिगृह आहे, शाळा आहे, तुझा घोटा बघ, दंड बघ. बरंच काही म्हणाले. सगळं खरं होतं. ती ऐकत होती नि कापत होती. मूठ भरली की मागे टाकत होती.

"दिशा मी घ्यायची असते, आई," ती म्हणाली. "मारणारी घेते. बाहेर उभी असते ती नाय."

सासऱ्यांना खोकला आला की ते हसले, ते मला कळलं नाही.

दुपार कलताना पाऊस आला. खालचं वावर तसंच उभं राहिलं. वरचं कापलेलं भिजलं. आम्ही भारे ओढत ओढत खळ्यावरच्या मांडवात नेले, आणि सगळ्यांना पुरेल एवढी पेज तशीच उरली. ती सासूबाईंनी कोंबड्यांना घातली नाही. झाकून ठेवली, आणि दुसऱ्या सकाळपासून विस्तवावर चढवून आम्हीच प्यायलो, आंबूस लागेपर्यंत.

ठकीबायच्या पाळीच्या दिवशी सासूबाई विळा घेऊन निघाल्या. मी दारात आडवी आले. म्हणाले, ती आली नव्हती, आपण कशाला जायचं?

"आवणीला, रोपं लावताना, तिचा हात आपल्या चिखलात होता," त्या म्हणाल्या. "तो हात फिटला नाय. भांडण तिचं, हात माझा."

निलमनं माझ्याकडे न बघता कोपऱ्यातला दुसरा विळा उचलला नि त्यांच्या मागून गेली. त्या दिवशी रविवार होता. मी गेले नाही. अंगणवाडीचं काहीतरी काम काढून घरात फिरत राहिले. भांडं उचलायची, ठेवायची. कोपऱ्यातला झाडू या भिंतीचा त्या भिंतीला लावला. शेवटी राहवेना म्हणून मी पाण्याची कळशी घेऊन ठकीबायच्या शेताकडे गेले. नुसतं पाणी द्यायला.

बांधाआड असतानाच आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, आणि मग खुदकन हसणं. पुन्हा कबड्डी, पुन्हा हसणं. कापून मोकळ्या झालेल्या तुकड्यात निलमनं विळ्यानं रेघ ओढली होती. रेघेच्या पलीकडे ती एकटी, अलीकडे गंगी. गंगी थोराड, खांद्यानं रुंद पोर. पकडीत तिच्या हातून कुणी सुटत नसे. पण चढाईला गेली की तिला हसू यायचं आणि दम तुटायचा, म्हणूनच ती राखीव. निलम तिला सांगत होती, माझ्या तोंडाकडे बघू नको, माझ्या गुडघ्याकडे बघ. गुडघ्याला हसू नाय येत. खुंटांवरून दोघींचे अनवाणी पाय पडत होते नि एकदाही कुणी आई गं म्हटलं नाही.

बाजूला बायका कापत होत्या. ठकीबायनं मला पाहिलं. कळशी घ्यायला ती उठली नाही, पण तिनं शेजारणीला सांगितलं, "पाणी आलंय."

निलमनं सोमवारी काय केलं ते मला दीपेश सरांकडूनच कळलं. तिनं सरांना सांगितलं की तालुक्याला संघ न्या, पहिला डाव मी खेळते, दुसऱ्याला गंगी जाईल. मग सावेबाईंकडे जाऊन म्हणाली की मी पहिल्या डावाला नसेन, दुसऱ्याला येईन, बसवायचं तर बसवा, नाहीतर नको. सावेबाई काय म्हणाल्या? सर हसले. म्हणाले, त्या माझ्याकडे आल्या होत्या. सामने एका वेळी लागू नयेत म्हणून आम्ही दोघं मिळून आयोजकांना सांगायला गेलो. ऐकलं नाही कुणी, पण आम्ही दोघं मिळून गेलो.

सामने तलासरीच्या मोठ्या मैदानावर. फक्कीचे चौकोनच चौकोन, भोंगा, लिंबू-सरबताच्या गाड्या, झाडाखाली चपलांचे ढीग. मी रजा काढून गेले. ठकीबाय आधीच येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून, दोरीला अगदी चिकटून. मी तिच्यापासून थोडी लांब बसले. दूर, पलीकडच्या टोकाला खो-खोचे खांब दिसत होते. तिथे सावेबाईंच्या शेजारी एक चष्म्याच्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या.

कबड्डी चालू झाली आणि खो-खोही चालू झाला. मला इकडे बघवेना नि तिकडे दिसेना. निलम चढाईला गेली की मी श्वास धरायची नि तो सोडायचा विसरायची. ती टिपत होती. प्रत्येक वेळी वळत होती, परत येत होती. घोटा लंगडत होता. पलीकडून खो-खोच्या शिट्ट्या येत आणि मला वाटे, उठावं, तिला हाताला धरून तिकडे न्यावं. त्या बाईंच्या पुढे उभी करावी. म्हणावं, ही बघा. मी दोनदा गुडघ्यावर आले. दोन्ही वेळा ठकीबायनं माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा बसले.

मध्यंतराची शिट्टी झाली. आमच्या पोरी पाण्याकडे पळाल्या. गंगी राखीव पोरींच्या रांगेत उकिडवी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मानेपर्यंत घामेजली होती, अजून एक पाऊल न धावता. निलम सरळ तिच्या मागे गेली. तिनं वाकून तळहात गंगीच्या पाठीवर, आकड्यावर, सपकन ठेवला.

"खो."

गंगी उठली. विचार न करता, पाड्यातली पोर लहानपणापासून उठते तशी, स्प्रिंग सुटावी तशी उठली नि सरळ मैदानात गेली. आणि निलम तिच्या जागी बसली. खरोखर बसली, उकिडवी, क्षणभर. पंच म्हणाले, बाई, हा खेळ वेगळा आहे. लोक हसले. दीपेश सर पंचांच्या टेबलाकडे बदली सांगायला धावले, आणि तोवर निलम उठून पलीकडच्या खांबांकडे पळत सुटली होती.

मी तिच्या मागे गेले नाही. मला अजूनही कळत नाही का. तिथेच बसून मी गंगीची चढाई पाहिली. पहिल्यांदा ती रिकामी आली, पण हसली नाही. दुसऱ्यांदा एकीला टिपून आली. ठकीबायचा हात दोरीवर आवळला गेला. तिसऱ्यांदा गंगीला आडवं पाडलं चौघींनी. थोडक्यात हरलो आम्ही.

खो-खोकडे पोचले तेव्हा दुसरा डाव संपत आला होता. सावेबाईंनी तिला बसवलं होतं. नंतर कळलं ते असं की निलमनं दोन गडी मारले, आणि तिसऱ्या वेळी, पळणारी मागे सटकली तेव्हा, ती वळली. शिट्टी. ते चष्म्याच्या बाईंनी पाहिलं. निलम झाडाखाली पाणी पीत होती, पाय पुढे पसरून. मी तिच्या घोट्याला रुमाल ओला करून बांधला. बाई काय म्हणाल्या, मी सावेबाईंना विचारलं.

"निरोप पाठवते म्हणाल्या."

"कधी?"

"एवढंच म्हणाल्या."

निरोप आला नव्हता. शाळेतून जीप परतली की मी निलमच्या तोंडाकडे बघायची. ती मान हलवायची, मी विचारलं नसलं तरी. सकाळी ती आता एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे जात नव्हती. घोटा उतरेपर्यंत कुठेच जात नव्हती. गोधडीखाली पाय मात्र तसेच आधी हलत.

आमचं खालचं वावर अजून उभं होतं. आडवं होतं म्हणा. चिखलाला टेकलेल्या लोंब्यांना कोंब फुटायला लागले होते. आभाळ उघडलं तशी आम्ही चौघं पुन्हा रांगेनं बसलो. पेज या वेळी सासूबाईंनी चौघांपुरतीच केली होती. लोळलेलं भात कापताना आधी ते उचलावं लागतं, मग विळा. त्यामुळे कंबर दुप्पट मोडते. मी खाली मान घालून मूठ धरत होते, कापत होते, मागे टाकत होते. रस्त्यावर जीप वाजली की तेवढी मान वर जायची. त्या जीपमधून कोण उतरलं, निरोप घेऊन कुणी येतंय का, बघायचं आणि पुन्हा खाली.

मागे चिखलात पावलं वाजली. मी वळले नाही. सासरे पाणी आणायला गेले असतील.

पाठीवर थाप पडली. ओला, खरखरीत तळहात.

"खो."

मी उठले. गुडघे कडकडले, तरी उठले. मागे वळते तर माझ्या जागी ठकीबाय उकिडवी बसलेली, माझ्या पातीत तिचा विळा चालू झालेला. तिच्या पलीकडे गंगी, तिच्याही पलीकडे लडक्याची बायको पदर खोचत होती. सासूबाईंनी मान वर केली नाही, नुसती आपली पात थोडी सरकवून जागा केली. निलम लांबून बघत होती, हसू दाबत.

"खो दिला की बसायचं असतं म्हणं," ठकीबाय भाताशी बोलल्यासारखी म्हणाली. मूठ कापली, मागे टाकली.

मी तशीच उभी. हातात विळा, पुढे लोळलेलं भात, पलीकडे जीपचा रस्ता. पाय चिखलात रुतायला लागले होते.

"उभी काय राहिलीस, मास्तरीण?" ती म्हणाली. "घे की दिशा."